तंबाखू सोडवणाऱ्या सेवांचं परीक्षण: फोन, गम आणि सिव्हिलमधलं केंद्र आपल्याकडच्या तोंडाला कितपत लागू पडतात?

तंबाखू सोडायची म्हटल्यावर सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात हाताशी येणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. पाकिटावर छापलेला टोल-फ्री नंबर, मेडिकलमध्ये मिळणारा निकोटीनचा गम, सिव्हिलमधलं तंबाखू मुक्ती केंद्र आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या. या सगळ्यांची माहितीपत्रकं वाचा, समोर सिगारेट ओढणारा माणूस धरूनच लिहिलेली असतात. आपल्याकडचं गणित उलटं आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि चघळणारे किंवा दाताला लावणारे २४.४ टक्के (काही जण दोन्ही करतात). म्हणून इथे निकष एकच लावला आहे: चुना लावून बार भरणारा, मावा खाणारा आणि सकाळी उठल्या उठल्या मिसरी लावणारी, यांच्या ही सेवा किती कामाची?

निकाल आधीच सांगून टाकतो. फुकट मिळणारा फोन सगळ्यात जास्त कामाचा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा. गम चांगला, पण तो वापरायची पद्धत सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून निम्मा वाया जातो. केंद्रात जायचं ते तोंड तपासून घ्यायला आणि औषध लिहून घ्यायला. नुसतं समुपदेशन हवं असेल तर एसटीचं तिकीट काढून तिथवर जायची गरज नाही.

नंबर आहे १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या पुड्यांवर आणि सिगारेटच्या पाकिटांवर छापला जातो. सेवा दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती रोग संस्थेत २०१६ मध्ये सुरू झाली, पुढे मुंबईचं टाटा स्मारक जोडलं गेलं आणि मराठीत बोलायची सोय झाली. वेळ सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी बंद. हा सोमवार खटकतो. रविवारी घरात बोलणं होतं, "उद्यापासून बंद" असं ठरतं, आणि नेमका त्याच दिवशी फोन लागत नाही. तेव्हा सोडायचा दिवस बुधवार-गुरुवार धरावा आणि पहिला फोन त्याच्या तीन-चार दिवस आधी करावा.

फोनवर काय होतं? काय खाता, दिवसातून किती वेळा, किती वर्षं, उठल्यावर पहिला बार किती वेळात, आधी कधी सोडली होती का, सोडल्यावर काय त्रास झाला, असे प्रश्न येतात. मग सोडायची तारीख ठरते आणि त्यानंतर तिकडून फोन येत राहतात. खरी किंमत या परत येणाऱ्या फोनांची आहे. एकदा बोलून सोडणारे थोडे. पहिल्या आठवड्यात कुणी विचारपूस केली तर टिकणारे बरेच. अडचण अशी की अनोळखी नंबर दिसला की कर्जवाल्यांचा समजून आपण कट करतो. पहिल्याच फोनला सांगा की अमुक ते अमुक वेळेतच करा. बागेत औषध मारताना किंवा कारखान्याच्या पाळीत फोन घेता येत नाही, हे तिकडच्या माणसाला आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

फोन करण्याआधी दोन दिवस एक काम करा. खिशात कागद ठेवा आणि प्रत्येक बारामागे वेळ आणि निमित्त लिहा. चहा, जेवण, संडासला जाताना, गाडीची वाट बघताना, कुणी तळहात पुढे केला म्हणून. शेतकऱ्यांच्या कागदावर आणखी एक निमित्त हमखास असतं: उसाला रात्रीची लाईट. रात्री दोनला मोटर चालू करायची, पाळी बदलायची, झोप येऊ नये म्हणून बार. शहरी माहितीपत्रकात "ताणाचे प्रसंग टाळा" असं लिहिलेलं असतं. लाईट टाळता येत नाही. तिथे बाराच्या जागी काय करायचं, हे आधी ठरवून ठेवावं लागतं: थर्मासात कोरा चहा, सोबत कुणीतरी, तोंडात बडीशेप-धणाडाळ. हा कागद समोर धरून बोललात तर दहा मिनिटांत कामाचं बोलणं होतं. नाहीतर "तंबाखू वाईट आहे" इथवरच गाडी अडकते.

मिसरी लावणाऱ्या बायकांसाठी एक वेगळी सूचना. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला त्या मनापासून "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिसरी हे दात घासणं आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच ती, आणि हिरडीवर चोळली की निकोटीन तसंच अंगात जातं. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा, रात्री एकदा असं असेल तर ती सवय नव्हे, व्यसन आहे. तेव्हा फोनवर "मिसरी लावते, दिवसातून इतक्यांदा" असं सरळ सांगायचं. घरात मोबाइल एकच आणि तो मुलाकडे, हीही अडचण असते. आशाताईंकडून फोन जोडून घेतला तर सोपं जातं, आणि आशाताईंना मिसरी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

नुसत्या बोलण्यानं चघळणाऱ्याची तंबाखू सुटते का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर जुनं आणि आपल्याच देशातलं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दंतवैद्य डॉ. फली मेहता यांनी आधी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. ते काम १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे त्यांनी प्रकाश गुप्ता, मीरा आघी यांच्यासोबत तंबाखू वापरणाऱ्या ३६,००० माणसांना गाठून, घरी जाऊन, तोंड बघून, पुन्हा पुन्हा समजावलं. १९८६ साली निष्कर्ष आले: समजावलेल्या गटात तंबाखू सोडणारे वाढले आणि तोंडातले पांढरे चट्टे नव्यानं येण्याचं प्रमाण कमी झालं. त्या कामात ना गम होता ना गोळ्या. तोंड बघणं, समोर बसून बोलणं आणि परत जाऊन विचारणं, यांवर मुख्य भर होता. आजच्या कुठल्याही सेवेला गुण देताना हीच तीन कामं ती करते का, ते बघावं. फोन त्यातली दोन करतो. तोंड बघणं त्याला जमत नाही, म्हणून पाचपैकी चार.

ज्यांना बोलायचंच नाही त्यांच्यासाठी ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्यायची सोय आहे. मोबाइलवर संदेश येत राहतात. मेसेज वाचणाऱ्या तरुणाला ठीक. चष्मा शोधत बसणाऱ्याला निरुपयोगी.

आता गम. मेडिकलमध्ये दोन ताकदीचा मिळतो, २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम. २ मिलिग्रॅमच्या गमला चिठ्ठी लागत नाही. विकायला औषधाचा परवानासुद्धा लागत नाही, म्हणून तो काउंटरवर पुदिना, दालचिनी, पान अशा चवींत गोळ्या-बिस्किटांशेजारी दिसतो. ४ मिलिग्रॅमला चिठ्ठी लागते. कोणता घ्यायचा याची सोपी खूण: उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागत असेल तर ४, नाहीतर २. दिवसभर गालात तंबाखू धरून ठेवणारे आणि रस गिळणारे यांना २ मिलिग्रॅम बहुधा कमी पडतो. ते दोन दिवसांत "यात काही दम नाही" म्हणून पुडीकडे वळतात. दोष गमचा नसतो, मात्रेचा असतो.

पद्धत नीट वाचा, कारण सगळं इथेच बिघडतं. हा च्युइंगम नव्हे. तोंडात टाकून सावकाश दहा-पंधरा वेळा चावायचा. मिरी चावल्यासारखी तिखट मिरमिर आली की थांबायचं आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये टेकवून ठेवायचा. मिनिटभरानं मिरमिर ओसरते. मग पुन्हा थोडं चावायचं आणि दुसऱ्या बाजूला टेकवायचं. असं साधारण अर्धा तास, चव संपेपर्यंत. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं, पोटातून त्याचा फारसा उपयोग होत नाही. भराभर चावला की ते थुंकीबरोबर पोटात उतरतं आणि उचकी, मळमळ, छातीत जळजळ सुरू होते. "गमनं ॲसिडिटी झाली" ही तक्रार पुष्कळदा चावण्याच्या वेगाची असते. बार भरणाऱ्याला गालात धरून ठेवायची सवय आधीच असते, त्यामुळे त्याला ही पद्धत सिगारेटवाल्यापेक्षा लवकर जमते. फक्त थुंकायची सवय मोडावी लागते, नाहीतर औषधच बाहेर जातं.

दुसरी चूक चहाची. निकोटीन शोषलं जायला तोंडातलं वातावरण अल्कधर्मी लागतं. तंबाखूत चुना मळतात त्याचं कारण हेच: चुन्यामुळे निकोटीन मोकळं होऊन चटकन आत जातं. उलट आंबट किंवा आम्लयुक्त काही तोंडात असेल तर शोषण घटतं. कॉफी, लिंबूपाणी, कोकम सरबत, थंड पेय, फळांचा रस यांतलं काहीही घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबा आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही पिऊ नका. चहालाही हाच नियम लावलेला बरा. आपल्याकडे चहा आणि बार जोडीनं चालतात, म्हणून गमही लोक चहाच्या घोटाबरोबर चघळतात आणि मग त्याचा परिणाम जाणवत नाही.

तिसरी चूक मोजणीची. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान नऊ. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी, दहाव्या ते बाराव्या आठवड्यात दर चार-आठ तासांनी, मग बंद. दिवसात २४ च्या वर नाही. प्रत्यक्षात माणसं तीन-चार गम खातात, तेही तलफ अगदी डोक्यात गेल्यावर. गमचा असर चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर हात पुडीकडे गेलेला असतो. म्हणून तो वेळेवर घ्यायचा, तलफेवर नाही. जेवण उरकायच्या बेतात असेल तर जेवल्यावर चूळ भरून लगेच. रात्री लाईटवर जायचं असेल तर घरून निघतानाच.

खर्चाचा हिशोब दुकानात उभं राहूनच करता येतो: स्ट्रिपवरची किंमत भागिले आतले गम, गुणिले दहा. हा आकडा रोजच्या पुडी-चुन्यापेक्षा बऱ्याचदा जास्तच निघतो, विशेषतः साधी तंबाखू खाणाऱ्यांच्या बाबतीत, आणि दुसऱ्या आठवड्यात गम बंद पडण्याचं खरं कारण हेच आहे. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटीन उपचार आला आहे, तेव्हा मेडिकलमध्ये पैसे भरण्याआधी सरकारी केंद्रात गम शिल्लक आहे का, ते विचारा. शिल्लक असेल तर एका वेळी किती दिवसांचा देतात हेही विचारा. चार दिवसांचा दिला आणि पुढची फेरी पंधरवड्यानं असेल, तर मधल्या अकरा दिवसांचं काय?

कुणी गम घेऊ नये किंवा विचारून घ्यावा? गरोदर बाई, नुकताच हार्ट ॲटॅक येऊन गेलेला माणूस, अठराच्या आतला मुलगा: आधी डॉक्टर. कवळी असेल तर गम चिकटतो. दात हलत असतील किंवा मावा-सुपारीनं तोंड उघडत नसेल तर चावणंच जमत नाही. अशांना चघळायची गोळी किंवा दंडावरची पट्टी बरी. तोंडात चट्टा किंवा जखम असेल त्या जागी गम टेकवू नका. वापरलेला गम कागदात गुंडाळून टाका, त्यात निकोटीन उरलेलं असतं आणि घरात लहान मूल असतं.

एक गोष्ट गमच्या विरोधात सांगितलीच पाहिजे. सिगारेट सोडवण्यात निकोटीन उपचारानं यशाची शक्यता निम्म्यानं तरी वाढते, हे पक्कं सिद्ध आहे. चघळण्याच्या तंबाखूबाबत गमचा पुरावा तितका भक्कम नाही. म्हणून नुसता गम घेऊन बसण्यापेक्षा फोन अधिक गम, असं करावं. गमला पाचपैकी तीन, पद्धत पाळली तर. टपरीवरून घेऊन चुइंगमसारखा चावला तर एक.

पट्टीबद्दल थोडक्यात: दिवसात दहाच्या वर सिगारेटी ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग १४, मग ७. रोज नवी पट्टी, रोज नवी जागा, केस नसलेली कोरडी त्वचा. ऊसतोडीत किंवा भट्टीजवळ घामानं ती सुटते.

गोळ्या दोन प्रकारच्या आणि दोन्ही चिठ्ठीवरच. बुप्रोपिऑन सोडायच्या तारखेच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करतात. फिट येण्याचा त्रास असलेल्याला ती चालत नाही, ही गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी आपण सांगायची. व्हॅरेनिक्लिन तारखेच्या आठवडाभर आधी, पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस अर्धा दोनदा, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतली तर मळमळ कमी होते. स्वप्नं विचित्र पडतात. चघळणाऱ्यांवरही हिचा उपयोग दिसला आहे, म्हणून गमवर भागलं नाही तर हिची विचारणा जरूर करावी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी लागते.

आता केंद्र. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ मध्ये सुरू झाला, त्यात जिल्हा पातळीवर नियंत्रण कक्ष आणि मुक्ती केंद्र असतं. कक्षाच्या डॉक्टरांच्या मागे कामं बरीच: शाळेपासून १०० यार्डांतल्या टपऱ्या, सार्वजनिक जागी ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड, शाळांची तपासणी, अहवाल. दंडाच्या पावत्या मोजता येतात, एखाद्याचा सुटलेला बार मोजायला सहा महिने मागे लागावं लागतं. त्यामुळे मुक्ती केंद्राचा दर्जा तिथे बसणाऱ्या समुपदेशकावर ठरतो आणि माणूस बदलला की तो बदलतो. जायच्या आधी कोणत्या वारी, किती वाजता बसतात हे फोन करून विचारा. केस पेपर काढून रांगेत बसल्यावर "आज शाळेत कार्यक्रम आहे" हे ऐकायला लागू नये.

चांगली पहिली भेट कशी ओळखायची? निदान पंधरा-वीस मिनिटं बोलतात. व्यसनाची तीव्रता मोजणारे सहा प्रश्न विचारून शून्य ते दहा गुण काढतात. टॉर्च लावून तोंड बघतात: दोन्ही गाल, खालच्या ओठाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, ते करायला लावतात. पुढच्या दोन आठवड्यांतली तारीख ठरवतात आणि त्या तारखेनंतर आठवड्याच्या आत परत बोलावतात किंवा फोन करतात. वाईट भेटीत कॅन्सरचे फोटो दाखवतात, "सोडा नाहीतर असं होईल" म्हणतात, रजिस्टरवर सही घेतात. घाबरवण्याचा असर टपरीपर्यंत टिकतो.

काही केंद्रांत श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र असतं. फुंकर मारली की आकडा येतो. दहाच्या वर असेल तर माणूस ओढतो. ओढणाऱ्याला आकडा उतरताना बघून हुरूप येतो, यात वाद नाही. पण तंबाखू चघळणाऱ्याचा आणि मिसरीवालीचा आकडा पहिल्या दिवसापासून नॉर्मल असतो, कारण तिथे काही जळतच नाही. "मशीननं चांगलं दाखवलं" म्हणून निर्धास्त होऊन परतणारे पुष्कळ. अशांसाठी लघवीतलं कोटिनीन (निकोटीन अंगात मोडून तयार होणारा पदार्थ) तपासावं लागतं, आणि गम चालू असताना तेही पॉझिटिव्ह येतं, म्हणजे गम बंद झाल्यावरच त्याला अर्थ.

केंद्र लांब पडत असेल तर सांगली आणि कराडच्या दंत महाविद्यालयांची ओपीडी हा चांगला पर्याय आहे. तोंड नीट तपासलं जातं, शिकाऊ डॉक्टरांकडे वेळ असतो, आणि दात साफ करून घेतले की तोंडाची चव बदलते. मिसरी सोडणाऱ्या बाईसाठी तर हे पहिलंच काम असावं. मिसरी धरून ठेवण्याचं कारण पुष्कळदा दातदुखी असतं. किडका दात तसाच ठेवून मिसरी सोडवायला गेलात तर दुखायला लागल्याच्या रात्री डबी उघडणार.

सोडल्यावरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, मग उतरत दोन-चार आठवड्यांत जातो: चिडचिड, झोप नाही, भूक जास्त, लक्ष लागत नाही. पोट साफ न होणं हा त्रास माहितीपत्रकात शेवटी कुठेतरी असतो. आपल्याकडे माणूस पुन्हा सुरू करतो तो याच कारणानं. निकोटीननं आतड्याची हालचाल वाढते, ते थांबलं की काही दिवस मलावरोध होतो. उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, रात्री इसबगोल, आणि बार न भरता दहा मिनिटं बसायची तयारी, एवढ्यावर बहुतेकांचं निभावतं. हे आधी सांगितलेलं असेल तर माणूस घाबरत नाही.

तंबाखूऐवजी सुपारी मात्र नको. गोड सुपारी, कतरी, बिनतंबाखूचा मावा, सगळं त्यात आलं. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये तसं नोंदवलं आहे, आणि तोंड न उघडण्याचा आजार मुख्यतः तिच्यामुळेच होतो. ई-सिगारेटवर २०१९ पासून कायद्यानं बंदी आहे. "चार दिवसांत व्यसन गायब" अशा जाहिरातीतल्या पावडरींना शून्य गुण. आत काय आहे हे डबीवर धड लिहिलेलं नसतं.

आणि काही लोकांनी यातल्या कुठल्याच सेवेची वाट बघू नये. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, खरवडून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट सहन न होणं, तोंडात तीन बोटं न जाणं, गळ्याला गाठ: यातलं एक जरी असेल तरी आधी दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ. तुकडा काढून तपासायला सांगितलं तर त्याच आठवड्यात करून घ्या. "तुकडा काढला की पसरतं" हा समज चुकीचा आहे. तंबाखू सोडायचा फोन रिपोर्टची वाट बघतानाही करता येतो.